बडोद्याहून फ्लँडर्सला: शनिवारी सायकल, रविवारी शर्यत, मुक्काम घेंटला

एप्रिल जवळ आला की आपल्या सायकलवाल्या मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो. टूर ऑफ फ्लँडर्स ही बेल्जियममधली सायकलशर्यत टीव्हीवर बघतो, ती प्रत्यक्ष जाऊन बघता येईल का? येते. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याच रस्त्यांवर, त्याच चढांवर स्वतः सायकलही चालवता येते. त्यासाठी रेसर असण्याची गरज नाही. आठवड्याला दोनदा बडोद्याबाहेर सिंधरोटपर्यंत जाऊन येणाऱ्या, नोकरीधंदा सांभाळून सायकल चालवणाऱ्या माणसाला हे जमण्यासारखं आहे. तयारी मात्र सहा-सात महिने आधी सुरू करावी लागते आणि कामांचा क्रम चुकवून चालत नाही. म्हणून हे सगळं त्याच क्रमानं लिहितो आहे.

आधी शर्यतीबद्दल. टूर ऑफ फ्लँडर्स १९१३ मध्ये सुरू झाली. फ्लँडर्स म्हणजे बेल्जियमचा उत्तरेकडचा डचभाषक भाग, तिथली ही एका दिवसाची शर्यत, पुरुषांसाठी साधारण २७० किलोमीटरची. अलीकडे ती एका वर्षी अँटवर्पहून तर दुसऱ्या वर्षी ब्रुजहून सुटते आणि २०१२ पासून औडेनार्डे या छोट्या गावात संपते. वाटेत डोंगर नाहीत, टेकड्या आहेत. पण त्या टेकड्यांवर चढणारे रस्ते अरुंद आणि बरेचसे घडीव दगडांचे, ज्यांना सायकलवाले कोबल्स म्हणतात. महिलांची शर्यत २००४ पासून त्याच दिवशी होते. २०२० ते २०२५ या सहा वर्षांत पुरुषांची शर्यत मॅथ्यू व्हान डर पूलनं तीनदा आणि ताडे पोगाचारनं दोनदा जिंकली. महिलांमध्ये बेल्जियमच्याच लोट्टे कोपेकीनं २०२२, २०२३ आणि २०२५ अशी तीनदा बाजी मारली.

तारीख आणि बेत

शर्यत बहुधा एप्रिलच्या पहिल्या रविवारी असते. २०२४ मध्ये ती ३१ मार्चला होती, म्हणजे ऐन मार्चअखेरीला. हिशेब, बँक, कर यांच्याशी ज्यांचा संबंध आहे त्यांनी तारीख जाहीर झाली की पहिल्यांदा रजेचं बघावं. ईस्टर त्याच रविवारी आला तर तिथं सोमवारीही सुटी असते आणि बरीच दुकानं बंद असतात, हेही आधी बघून घ्या.

बेत माझ्या मते असा असावा: बुधवारी रात्री निघायचं, गुरुवारी घेंटला पोचायचं, पाच रात्री तिथंच राहायचं आणि मंगळवारी परत फिरायचं. मुक्काम एकच. घरातून लगेच सूचना येईल, की एवढं युरोपला जाताय तर पॅरिस करून या, ॲमस्टरडॅम दोन तासांवर आहे. नाही म्हणा. शनिवारी दगड आणि चढांच्या वाटेनं पाऊणशे किलोमीटर सायकल चालवल्यावर रविवारी पहाटे बॅगा भरून गाडी पकडायची वेळ आली, तर शहरही नीट बघून होत नाही आणि शर्यतही. घेंट मध्यम आकाराचं, चालत फिरण्याजोगं शहर आहे. औडेनार्डे तिथून आगगाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर आणि ब्रुजही साधारण तेवढंच. बायकोमुलं सोबत असतील आणि त्यांना सायकलशी काही घेणंदेणं नसेल, तरी त्यांचे दिवस इथं चांगले जातात.

नोंदणी, हॉटेल, व्हिसा: याच क्रमानं

शनिवारच्या हौशी सायकलफेरीचं नाव ‘वी राइड फ्लँडर्स’. जागा सुमारे १६ हजार, आणि त्या संपतात. नोंदणी आदल्या वर्षीच सुरू होते, त्यामुळे दिवाळीच्या आसपास लक्ष ठेवून असा. अंतरं दरवर्षी थोडी बदलतात. सर्वांत लहान ७५-८० किलोमीटरच्या आसपास असतं आणि सर्वांत लांब २२५ च्या पुढे जातं. पहिल्यांदा जाणाऱ्यानं सर्वांत लहान घ्यावं, असं मी आग्रहानं सांगेन. सपाट डांबरी रस्त्यावर शंभर किलोमीटर सहज करणाऱ्या माणसालाही ऐंशी किलोमीटरचे हे दगड आणि चढ पुरे होतात. शिवाय आउडे क्वारेमॉन्ट आणि पाटरबर्ग हे दोन नामांकित चढ लहान अंतरातही येतातच.

नोंदणीची पावती हातात आली की त्याच दिवशी घेंटमध्ये खोली धरा, पण रद्द करता येईल अशी. त्या शनिवार-रविवारी जगभरातून माणसं येतात आणि खोल्या लवकर भरतात. औडेनार्डेत राहायचा मोह होईल, पण गाव लहान आहे आणि परिवाराला तिथं दोन दिवसांपलीकडे करमणार नाही.

मग व्हिसा. बेल्जियमला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो आणि सगळा मुक्काम तिथंच असल्यानं अर्जही बेल्जियमकडेच करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. नियमानं निदान पंधरा दिवस आधी तरी तो द्यावा लागतो, पण इतक्या काठावर जाऊ नका. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात आणि काही वेळा पंचेचाळीसपर्यंत जातात. जानेवारीत अर्ज द्यावा म्हणजे जीव टांगणीला लागत नाही. प्रौढांची फी ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांची ४५. व्हिसा-अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवा आकार वेगळा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा.

विम्याच्या बाबतीत एक गोष्ट जपा. व्हिसापुरत्या घेतलेल्या स्वस्त पॉलिसीत क्रीडास्पर्धेत झालेली इजा बऱ्याचदा वगळलेली असते. एजंटाला थेट विचारा, की ठरलेल्या मार्गावरच्या सामूहिक सायकलफेरीत पडून हाड मोडलं तर खर्च मिळेल का, आणि उत्तर लेखी घ्या.

बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्र आणि रजेचं पत्र नेहमीसारखंच लागतं. दुकान किंवा धंदा असेल तर रजेच्या पत्राऐवजी त्याचे कागद. अर्जासोबतच्या पत्रात साध्या शब्दांत लिहा: शनिवारी फेरीत भाग घेणार, रविवारी शर्यत बघणार, घेंटला राहणार, अमुक तारखेला परत येणार. नोंदणीची पावती जोडा. कारण स्पष्ट, मुक्काम एक आणि तारखा जुळणाऱ्या असल्या की अर्ज वाचणाऱ्याला शंका घ्यायला जागा राहत नाही. बोटांचे ठसे द्यायला प्रत्यक्ष जावं लागतं. पासपोर्टचं काम बडोद्यात होतं, व्हिसाचं होत नाही, म्हणून तेवढा एक दिवस धरून ठेवा.

विमान अहमदाबादहून घ्या. एक्स्प्रेसवेनं दोनेक तासांत विमानतळ येतो आणि सामान एकदाच गाडीत चढतं. मुंबईला जायचं तर रेल्वेचे पाच तास आणि वर मुंबईतली टॅक्सी. दुबई, दोहा किंवा अबु धाबीमार्गे ब्रसेल्सला जाता येतं. मधल्या थांब्याला तीन तास तरी ठेवा.

पाय आणि हात तयार करणं

बडोदं सपाट आहे. चढाचा सराव करायचा तर पावागडला जावं लागतं, सुमारे पन्नास किलोमीटरवर. पायथ्याच्या चांपानेरहून डोंगरावरच्या माचीपर्यंतचा डांबरी रस्ता आपल्या कामाचा. पहाटे, वाहनं सुरू व्हायच्या आत चढायचं, उतरायचं आणि परत चढायचं. डिसेंबर ते मार्च दर दुसऱ्या रविवारी हे केलंत तर पाय तयार होतात. चैत्री नवरात्रात माताजींच्या दर्शनाला लोटणाऱ्या गर्दीत तिथं सायकलला जागा नसते, त्याआधीच शेवटची फेरी उरका.

फ्लँडर्सचे चढ मात्र वेगळे. पाटरबर्ग अवघा ३६० मीटरचा, पण सरासरी चढ जवळजवळ १३ टक्के आणि सर्वांत कठीण जागी २० टक्के. कोपेनबर्ग ६०० मीटरचा, तिथं एके ठिकाणी २२ टक्के. म्हणून दीर्घ चढाइतकाच मिनिट-दीड मिनिट पूर्ण जोर लावण्याचा सराव हवा. कुठल्याही उड्डाणपुलाच्या चढावर, रहदारी नसताना, बसूनच, जड गिअरवर आठ-दहा वेळा चढा. बसून यासाठी, की ओल्या दगडांवर उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक जागीच फिरतं.

हातांचाही सराव लागतो. उखडलेला किंवा पेव्हर ब्लॉकचा रस्ता आपण एरवी टाळतो, या चार महिन्यांत तो मुद्दाम घ्या. हँडल वरच्या बाजूला, सैल धरायचं. कोपरं वाकलेली ठेवायची. घट्ट आवळून धरलं की दगडांचा प्रत्येक धक्का थेट खांद्यात जातो आणि तासाभरात बोटं मिटेनाशी होतात.

सायकल न्यायची की भाड्यानं घ्यायची

भाड्यानं. विमानात सायकलचं खोकं, त्याचं भाडं, मधल्या विमानतळावर ते चुकण्याची धास्ती, उतरल्यावर आगगाडीत ते चढवणं, एवढ्याशा सहलीत या सगळ्याला वेळ नाही. घेंट आणि औडेनार्डेत रोड बाइक भाड्यानं देणारी दुकानं आहेत, पण त्या आठवड्यासाठी जानेवारी-फेब्रुवारीतच सांगून ठेवावं लागतं. मेल करताना आपली उंची, सीटची उंची आणि पेडलचा प्रकार कळवा. टायर निदान २८ मिलिमीटरचे मागा, ३० किंवा ३२ मिळाले तर आणखी चांगलं. मागच्या कॅसेटमधलं, म्हणजे मागच्या चाकावरच्या गिअरचक्रांच्या संचातलं, सर्वांत मोठं चक्र ३२ दात्यांचं तरी हवं. आपली पेडल्स, बूट आणि हेल्मेट इथून न्या. सीटची सवय मोडत नसेल तर सीटही न्या, वजन कितीसं असतं.

बॅगेत काय

एप्रिलच्या सुरुवातीला तिथं सकाळी पाच-सहा अंश आणि दुपारी दहा-पंधरा, पाऊस केव्हाही. बडोद्यात त्याच वेळी पंखे गरगरत असतात, त्यामुळे थंडीचा अंदाज चुकतो. एका जाड जॅकेटपेक्षा पातळ थर जास्त कामाचे: आतली बनियन, पूर्ण बाह्यांची जर्सी, वारा अडवणारं पातळ जॅकेट, गुडघे झाकणारे वॉर्मर्स, पूर्ण बोटांचे हातमोजे.

खाण्याचं नीट ऐका. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, तूप, श्रीखंड, चीज घरीच ठेवा. भाकरवडी, लीलो चेवडो, तेलावर भाजलेले ठेपले, कोरडी चटणी, खाकरे, गूळपोळी यांवर पाच दिवस आरामात निघतात. गूळपोळी सायकलच्या खिशातही बसते आणि चढाआधी अर्धी खाल्ली तर पुरते.

शाकाहारी मंडळींसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की बेल्जियमचे बटाट्याचे तळलेले काप प्रसिद्ध आहेत, पण परंपरेनं ते गाईच्या चरबीत तळतात. सगळीकडे नाही, पण पुष्कळ ठिकाणी. म्हणून टपरीवर आधी विचारायचं, वनस्पती तेल आहे का. वॉफलमध्ये अंडं असतं. घेंटमध्ये मात्र शाकाहारी माणसाची सोय उत्तम आहे. २००९ पासून या शहरानं गुरुवार हा शाकाहाराचा दिवस म्हणून रुजवला आणि तेव्हापासून तिथं शाकाहारी खानावळींना तोटा नाही. आपण पोचतोही नेमके गुरुवारी.

यूपीआय तिथं विसरा. फॉरेक्स कार्ड आणि शे-दीडशे युरो सुटे ठेवा. स्टेशनावरच्या स्वच्छतागृहालाही पैसे पडतात.

गुरुवार आणि शुक्रवार: शहर

युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो नोंदवण्याची नवी पद्धत ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्यानं आली आहे, त्यामुळे पहिल्या खेपेला रांगेत जास्त वेळ जातो. ब्रसेल्स विमानतळाच्या तळमजल्याखालीच स्टेशन आहे. घेंट-सिंट-पीटर्सचं तिकीट काढा, थेट गाडीनं तासाभरात पोचता. तिकीट स्कॅन केल्याशिवाय विमानतळ स्टेशनाचं फाटक उघडत नाही, म्हणून ते हाताशी ठेवा.

गुरुवारी झोपू नका. आपल्याकडे साडेतीन तास पुढे असतं, त्यामुळे संध्याकाळी डोळे मिटायला लागतात, पण बाहेर पडून चालत राहिलात तर शनिवारपर्यंत झोपेची घडी बसते. सेंट मायकेलच्या पुलावर उभं राहिलं की तीन मनोरे एका ओळीत दिसतात: सेंट निकोलस चर्च, घंटाघर आणि सेंट बाव्हो कॅथेड्रल. खाली नदीच्या दोन्ही काठांवर जुन्या व्यापाऱ्यांची घरं. पलीकडे ११८० मधला ग्राव्हेनस्टीन किल्ला, भर शहरात, पाण्याच्या वेढ्यात. मुलांना तो फार आवडतो.

सेंट बाव्होमध्ये व्हान आइक बंधूंचं १४३२ मध्ये पूर्ण झालेलं वेदीचित्र आहे. त्याची वेळ आधी ऑनलाइन ठरवून घ्या. लाकडी फळ्यांवर तेलरंगात रंगवलेलं हे चित्र जवळून बघताना गवतातलं एकेक पातं, मुकुटातलं एकेक रत्न वेगळं दिसतं. त्यातली एक फळी १९३४ मध्ये चोरीला गेली, ती आजवर सापडलेली नाही. तिथं आज तिची नक्कल बसवलेली आहे. राजा रविवर्म्याची तैलचित्रं लक्ष्मी विलास राजवाड्यात आणि फतेहसिंह संग्रहालयात बघत वाढलेल्या बडोदेकरानं तेलरंगाचा हा सुरुवातीचा काळ बघितलाच पाहिजे, एवढं मी ठामपणे म्हणेन.

शुक्रवारी सकाळी भाड्याची सायकल ताब्यात घ्या आणि तासभर फक्त चालवून बघा. तिथं रहदारी उजवीकडून चालते. वळताना आपली मान सवयीनं चुकीच्या बाजूला जाते. ती सवय गर्दीच्या फेरीत नाही, रिकाम्या रस्त्यावर बदलायची. ट्रॅमच्या रुळांवरून नेहमी आडवं जायचं, रुळाच्या खाचेत चाक अडकलं की माणूस पडतोच. आणि खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. दुपारी ब्रुज करून या किंवा पाय जपायचे असतील तर खोलीवर पडा.

शनिवार: आपली फेरी

ही शर्यत नाही, फेरी आहे, त्यामुळे कुणाशी स्पर्धा लावू नका. लवकर सुटलात तर चढांवर गर्दी कमी मिळते. खरी अडचण तिथंच होते: पुढचा माणूस थांबला की मागच्या साऱ्यांना पाय टेकावा लागतो आणि वीस टक्क्यांच्या चढावर पुन्हा सायकलवर बसणं जवळपास अशक्य. चढाच्या तोंडाशी थोडं अंतर सोडा, हलका गिअर आधीच लावा आणि रस्त्याच्या मधल्या उंचवट्यावरून जा. कडेला दगड खचलेले असतात आणि चिखल साचतो.

कोपेनबर्ग तुमच्या मार्गात असेल तर त्याचा इतिहास माहीत असू द्या. १९८७ मध्ये डेन्मार्कचा येस्पर स्किबी आघाडीवर असताना याच चढावर पडला आणि मागून येणारी शर्यत-संचालकांची गाडी त्याच्या सायकलवरून गेली. त्यानंतर हा चढ शर्यतीतून काढला, तो २००२ मध्ये दुरुस्त होऊन परत आला. ओल्या दिवशी व्यावसायिक सायकलपटूही इथं उतरून चालले आहेत. तुम्हालाही चालावं लागलं तर निःसंकोच चाला, फक्त कडेनं, आणि सायकल रस्त्याच्या बाहेरच्या बाजूला धरून.

पाटरबर्गची कहाणी वेगळी. आपल्या दारावरून शर्यत जावी म्हणून तिथल्या एका शेतकऱ्यानं हा रस्ता दगडांनी बांधून घेतला, असं सांगतात. १९८६ मध्ये तो शर्यतीत आला आणि आज शर्यतीचा शेवटचा चढ तोच.

रविवार: कुठे उभं राहायचं

आउडे क्वारेमॉन्टवर. हा चढ २,२०० मीटर लांब आहे आणि अलीकडच्या वर्षांत पुरुषांची शर्यत इथून तीनदा गेली आहे, म्हणजे एका जागी उभं राहून तीन वेळा बघायला मिळते. महिलांची शर्यतही येते. तंबूंतल्या जागांना पैसे पडतात, रस्त्याच्या कडेला उभं राहायला नाही. औडेनार्डेहून हे ठिकाण दहा किलोमीटर. रस्ते बंद असतात, म्हणून भाड्याची सायकल सोमवारपर्यंत ठेवा आणि सायकलनंच जा. सकाळी अकराच्या आत पोचलात तर दोरीजवळ जागा मिळते. क्वारेमॉन्ट गावातल्या चौकात मोठा पडदा असतो, पण मला वरचा भाग जास्त आवडतो. गाव ओलांडलं की चढ सौम्य होतो, दगड मात्र संपत नाहीत, आणि दमलेला गट तिथंच फुटतो.

काळा सिंह असलेले पिवळे झेंडे, आजोबा-नातवंडं, भाजलेल्या कांद्याचा वास, सगळा गाव जत्रेला लोटल्यासारखा रस्त्यावर. आधी हेलिकॉप्टरचा आवाज येतो. मग पोलिसांच्या मोटरसायकली, मग पंचांची गाडी. मग दगडांवर आपटणाऱ्या साखळ्यांचा खडखडाट. माणसं दिसण्याआधी तो ऐकू येतो आणि पायाखालची जमीन थरथरते. हाताच्या अंतरावरून चेहरे जातात, धुळीनं माखलेले, तोंड उघडं. टीव्हीवर हे सगळे सहज चढताना दिसतात. तिथं त्यांचे दंड थरथरताना दिसतात, आणि आदल्या दिवशी तुम्ही त्याच दगडांवरून गेलेले असता, त्यामुळे त्यांचा वेग काय आहे ते तुम्हाला अंगानं कळतं.

तिसऱ्या वेळी क्वारेमॉन्ट चढून झाला की शेवट साधारण १७ किलोमीटरवर आणि पाटरबर्गनंतर १३. ते मोठ्या पडद्यावर बघा. महिलांचा शेवट पुरुषांनंतर असतो, तो बघितल्याशिवाय निघू नका. परतताना औडेनार्डे स्टेशनवर गर्दी उसळते. एक-दोन गाड्या सोडून द्या आणि बाजारचौकातली सोळाव्या शतकातली नगरपालिकेची इमारत बघा.

सोमवार आणि परती

पायांत बळ असेल तर औडेनार्डेहून खुणा केलेले कायमचे तीन सायकलमार्ग निघतात: निळा ७८, पिवळा १०३ आणि लाल ११४ किलोमीटरचा. फेरीत जागा न मिळालेल्यांनीही निराश होऊ नये, निळा मार्ग वर्षभर, फुकट, कुणालाही खुला आहे. बळ नसेल तर त्याच गावात शर्यतीचं संग्रहालय आहे. ते सोमवारी उघडं आहे का ते आधी बघा, नाहीतर शुक्रवारच्या दुपारीच उरकून टाका. संध्याकाळी सायकल परत करा, पेडल्स काढून घ्यायला विसरू नका.

मंगळवारी विमानतळावर तीन तास आधी पोचा. परत आल्यावर बोर्डिंग पास आणि नोंदणीची पावती एका फाइलमध्ये ठेवून द्या. शेंगेनसाठी दिलेले बोटांचे ठसे ५९ महिने चालतात, त्यामुळे त्या मुदतीतल्या पुढच्या अर्जाला ते बहुधा पुन्हा द्यावे लागत नाहीत. पुढच्या फेरीची नोंदणी दिवाळीच्या सुमारास उघडेल.